आई-बाबांचा अमेरिकेतला मुक्काम वाढवताना

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आई-वडिलांना ‘डिपेंडंट’ म्हणून अमेरिकेत आणता येत नाही. एच-४ व्हिसा फक्त जोडीदार आणि २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलांसाठी असतो. ग्रीन कार्ड मिळालं तरी आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. त्यासाठी मुलाकडे अमेरिकन नागरिकत्व हवं आणि वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. त्यामुळे पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून येणारे बहुतेक आई-बाबा बी-२ या व्हिजिटर व्हिसावर येतात. त्यावर सहसा मिळणारे सहा महिने पुरणार नसतील, तर आय-५३९ हा अर्ज भरून मुदतवाढ मागायची.

सगळ्यात आधी तारीख नीट समजून घ्या. पासपोर्टवरचा दहा वर्षांचा व्हिसा फक्त विमानतळापर्यंत पोचण्यासाठी आहे. किती दिवस राहायचं हे ठरतं आय-९४ या नोंदीवर, आणि ती तारीख विमानतळावरचा सीबीपीचा (सीमा आणि जकात तपासणी खात्याचा) अधिकारी देतो. आई-बाबा घरी आले की त्याच आठवड्यात सीबीपीच्या संकेतस्थळावरून दोघांचे आय-९४ उतरवून घ्या आणि नाव, पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा वर्ग, शेवटची तारीख हे सगळं तपासा. नोंदीत चूक असेल तर जवळच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात ती दुरुस्त करून मिळते. पासपोर्ट लवकर संपत असेल तर आय-९४ची तारीखही अनेकदा तिथेच कापली जाते. मग आईला सहा महिने आणि बाबांना चारच, असं होऊन बसतं. नंतर नवा पासपोर्ट काढला तरी ही तारीख आपोआप पुढे सरकत नाही. म्हणून नूतनीकरण भारतातूनच करून निघालेलं बरं.

आय-९४ संपण्याआधी अर्ज यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याकडे, पोचलेला हवा. निदान ४५ दिवस आधी भरा, अशी त्यांचीच सूचना आहे. पण आल्या आल्या महिन्याभरात अर्ज केला, तर ‘लांब मुक्कामाचा बेत आधीच होता’ अशी शंका येते. चौथ्या महिन्याच्या आसपासचा काळ मला योग्य वाटतो. १ एप्रिल २०२४पासून ऑनलाइन अर्जाला ४२० डॉलर आणि कागदी अर्जाला ४७० डॉलर शुल्क आहे. भरण्याच्या दिवशी पुन्हा पाहून घ्या, कारण चुकीच्या रकमेचा अर्ज परत येतो. एकाने आय-५३९ भरायचा आणि दुसऱ्याने सहअर्जदार म्हणून आय-५३९ए. अर्जदार आई-बाबा आहेत, तुम्ही नाही. ऑनलाइन खातं त्यांच्या नावाचं हवं आणि कागदावर सही त्यांचीच हवी. मुलाने हौसेने केलेली सही चालत नाही, आणि सही नसलेला फॉर्म तर तपासणीलाही जात नाही.

खरा अर्ज म्हणजे सोबतचं पत्र. त्यात तीन गोष्टी विचारलेल्या असतात: मुदत का हवी, मुक्काम तात्पुरता कसा आणि परतीची व्यवस्था काय, आणि जास्त राहिल्याने भारतातल्या नोकरीवर किंवा घरादारावर काय परिणाम होईल. इथे आपल्या घरांमधली माया आड येते. ‘आई-बाबा सर्वस्वी माझ्यावर अवलंबून आहेत, भारतात त्यांना बघायला कोणी नाही’ असं मुलगा कळवळून लिहितो, आणि हे दोघं परत जाणार नाहीत याचा पुरावा आपल्याच हाताने देऊन बसतो. ‘आई बाळाला सांभाळेल म्हणजे सुनेला कामावर जाता येईल’ हे वाक्यही घातक. आजी-आजोबांनी नातवंडांसोबत वेळ घालवणं ही भेटच आहे; पण घरातली गरज भागवायला त्यांना ठेवून घेतलंय असा अर्थ निघाला, तर अधिकारी परवानगी नसलेल्या कामाचा संशय घेतो.

कारण ठोस लिहा आणि मागितलेली तारीख त्या कारणाशी जुळवा. पदवीदान समारंभ मे महिन्याच्या मध्याला असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची मुदत मागा. एका वेळी सहा महिन्यांपर्यंत वाढ मिळू शकते म्हणून सहाच मागायचे, ही सवय महागात पडते. आजारपण असेल तर डॉक्टरांच्या पत्रात निदान, उपचार आणि त्याला लागणारा काळ हवा, शिवाय बिलं कोण भरतंय त्याचा कागद.

परतीच्या पुराव्यात तारीख बदललेलं तिकीट पहिलं. मग पेन्शनची कागदपत्रं, घरपट्टीची किंवा सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती, शेती असेल तर सातबारा. मराठीतल्या प्रत्येक कागदाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडायचं आणि भाषांतर अचूक असल्याचं व आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचं भाषांतरकाराने सही करून लिहून द्यायचं. खर्च तुम्ही करणार असाल तर तुमच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचा तपशील आणि नोकरीचं पत्र लावा.

पावती आली की जिवात जीव येतो, पण ती मंजुरी नव्हे. वेळेत, प्रामाणिकपणे भरलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंत बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जात नाहीत. निर्णयाला मात्र कित्येकदा इतका वेळ लागतो की मागितलेली तारीखच येऊन ठेपते. त्या दिवसाआधी निघायचं, किंवा पुन्हा नवा अर्ज भरायचा. आय-९४ संपल्यावर नकार आला, तर आधी काढलेल्या तिकिटाच्या तारखेची वाट न पाहता लगेच परतायला हवं. मुदतीपलीकडे राहिलं की तो व्हिसा रद्द ठरतो. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांपेक्षा जास्त झालं तर परत गेल्यावर तीन वर्षं आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं प्रवेशबंदी लागते.

निर्णय येण्याआधी आई-बाबा परतले, तर अर्जाची प्रत, पावती आणि बोर्डिंग पास एका पाकिटात घालून त्यांच्याकडेच द्या. पुढच्या खेपेला ‘सहा महिन्यांपेक्षा जास्त का राहिलात?’ असं विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, की ते पाकीट पुढे करायचं. दोन भेटींत किती अंतर हवं असा लेखी नियम नाही. तरी अमेरिकेपेक्षा भारतात जास्त दिवस काढलेले असले की त्या खिडकीपाशी प्रश्न कमी येतात.