गूसनेक्स आणि कॅनियनलँड्स: आधी कुठे जावं?

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या कॅनियन, म्हणजे खोल दऱ्या, बघायला निघालेले बहुतेक जण कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानासाठी थेट मोॲब गाव गाठतात. मला विचाराल तर आधी दक्षिणेला, मेक्सिकन हॅट गावाजवळच्या गूसनेक्स या नदीच्या नागमोडी दरीला जा. पायपीट काहीच नाही. गाडीतून उतरलं की समोर कडा, आणि सुमारे १,००० फूट खाली सान हुआन नदी.

इथे नदी ६ मैल वाहते, पण पश्चिमेकडे सरकते जेमतेम दीड मैल. एरवी अशी नागमोडी वळणं सपाट मैदानातल्या संथ नदीला पडतात. मग ती इतक्या कठीण खडकात आली कुठून? कोलोरॅडोचं पठार वर उचललं जात असताना नदीने जुनी वाट सोडली नाही. त्याच वळणांनी ती खाली कापत गेली. कडे नीट बघा, पायऱ्या दिसतात: चुनखडीचे थर ताठ उभे, मधले शेलचे (चिखलापासून बनलेल्या मऊ खडकाचे) थर झिजून उतरते झालेले.

सूर्योदयाला जा, असं सगळे सांगतात. फोटोंसाठी ठीक आहे, पण तेव्हा तळ सावलीत बुडालेला असतो. नदी बघायची तर १० ते २ची वेळ बरी. काठावर वारा सणसणीत असतो, मुलांचा हात सोडू नका. जवळचा मोकी डगवेचा कच्चा घाट झकास आहे, मात्र मोठी आरव्ही (आत राहण्याची सोय असलेली गाडी) त्यात घालू नका.

हे बघून झालं की कॅनियनलँड्स उलगडतं. तिथल्या ग्रँड व्ह्यू पॉइंटवरून १,२०० फूट खाली व्हाइट रिम या वालुकाश्माच्या थराचा फिकट पट्टा दिसतो. हा वालुकाश्म टणक आहे; त्याच्याखालचा लाल खडक भुसभुशीत, म्हणून तो आधी झिजतो आणि पांढऱ्या टोपीचे सुळके उरतात. ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांचा संगम मात्र इथून दिसत नाही. त्यासाठी पार्काच्या नीडल्स भागात जाऊन-येऊन साधारण १० मैलांची चाल आहे, वाटेत सावली फारशी नाही. माणशी ४ लिटर पाणी घ्याच.

वाटेत काळसर, खडबडीत पापुद्र्यासारखी माती दिसेल. ती जिवंत असते: सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफूल यांनी वाळू धरून ठेवलेली. एक पाऊल पडलं तरी ती भरून यायला वर्षं लागतात, तेव्हा खडकावरूनच चाला. जुलै ते सप्टेंबर अरुंद घळींत उतरण्याआधी हवामान विचारा. डोक्यावर ऊन असतानाही लांबच्या पावसाचा लोंढा येतो.

पेट्रोल आणि खाणं मोॲबमध्येच घ्या, पार्कात दोन्ही मिळत नाही.