पेटी किती दिवसांनी उघडायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. सातेरी या पाळीव मधमाश्यांची नवी पेटी घरी आणली की हा प्रश्न येतोच. माझं उत्तर: पहिला आठवडा हातच लावू नका. नंतर आठ-दहा दिवसांतून एकदा, कोरड्या सकाळी, पाचेक मिनिटं.

हे मी पहिली वसाहत गमावून शिकले. राणी दिसल्याशिवाय मला चैन पडत नसे. दिवसाआड झाकण काढायचे, पोळी बांधलेल्या सगळ्या लाकडी चौकटी चाळायचे. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी सगळ्या माश्या उठून गेल्या. सातेरी अशीच आहे. सारखा त्रास झाला, खायला कमी पडलं, मुंग्या शिरल्या की घर सोडते.

राणी शोधायची गरजच नसते. अंडी शोधा. सूर्य पाठीशी घ्या, चौकट पेटीच्या वरच उभी धरा आणि पोळ्याच्या घरांत तळाशी बघा. दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखं, पांढरं काहीतरी टेकलेलं दिसेल. सुमारे तीन दिवसांत त्याची अळी होते. म्हणजे अंडी दिसली की तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी राणी तिथे होती. एवढं कळलं की झाकण लावा.

चौकट आडवी मात्र करू नका. ताजं पोळं मऊ असतं, आपल्याच वजनानं तुटतं. माझ्या हातून तुटलं तेव्हा पांढऱ्या अळ्या ओंजळीत आल्या. अजून वाईट वाटतं.

खरी देखभाल तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर असते. तिथे साठलेल्या मेणाच्या चुऱ्यात पोळी खाणारा मेणकिडा वाढतो, म्हणून दर वेळी तळपाट खरवडून पुसा. माश्यांनी झाकलेली नाहीत ती रिकामी पोळी काढून घ्या, त्याची जाळी तिथूनच सुरू होते. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीखालच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आणि वाट्या सुकू देऊ नका.

आमच्या जावळीच्या पावसात माश्यांना बाहेर पडता येत नाही. तेव्हा साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक द्या, संध्याकाळी, रात्रीत संपेल एवढाच. सांडला तर मुंग्या येतात, शेजारच्या पेटीतल्या माश्याही लुटायला येतात.

मध मी पहिल्या वर्षी काढलाच नाही. जांभळीचा बहर त्यांनाच ठेवला.

न उघडता बरंच कळतं. सकाळी पेटीच्या बाजूला बसा, दारासमोर नको. मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या लगबगीनं आत शिरत असतील, तर बहुधा आत पिलं वाढतायत. त्या दिवशी झाकणाला हात लावू नका.