मास स्पेकच्या फॉर्ममधला एक रकाना आणि माझे १९ दिवस

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये ९,१०-डायफिनाइलअँथ्रासीन नावाचं कंपाउंड बनवलं, रचना दाखवणारा एनएमआर दोन दिवसांत हातात आला, राहिलं फक्त मास स्पेक, म्हणजे रेणूचं वजन मोजणारी मास स्पेक्ट्रोमेट्री. डोंबिवलीहून लोकलने सॅम्पल घेऊन सेंटरवर गेले. फॉर्ममध्ये रकाना होता, आयनायझेशन कुठलं, म्हणजे रेणूला विद्युतभार कुठल्या पद्धतीने द्यायचा. आमच्याकडे सगळे ईएसआय (इलेक्ट्रोस्प्रे) हेच लिहितात म्हणून मीही त्यावरच टिक केली. खिडकीवर सही बघितली, फी घेतली, कंपाउंड काय आहे ते कोणी विचारलंच नाही.

१९ दिवसांनी रिपोर्ट आला. माझ्या रेणूचं वजन ३३०, पण त्याचा पीक कुठेच नाही, नुसते ३९१ आणि ४१३ चे पीक. रात्रभर झोप नाही, वाटलं कंपाउंडच चुकलं. परत गेले तर एकच उत्तर, सॅम्पल रन झालंय, पुन्हा हवं तर नवा फॉर्म, गाईडची नवी सही, नवी फी आणि रांगेत शेवटी. अशा तीन फेऱ्या, जाऊन येऊन दर वेळी तीन तास. मला अजूनही राग येतो तो याचा की फॉर्मवर स्ट्रक्चर काढायला जागाच नव्हती, असती तर पहिल्याच दिवशी कोणीतरी थांबवलं असतं.

चौथ्या खेपेला मशीन चालवणारे सर जिन्यात भेटले. वहीत काढून दाखवलं तर लगेच म्हणाले, "अगं, यात नायट्रोजन नाही, ऑक्सिजन नाही, प्रोटॉन बसणार कुठे?" ईएसआयमध्ये रेणूने प्रोटॉन किंवा सोडियम धरायला लागतो, नुसत्या हायड्रोकार्बनला ते जमत नाही. आणि ते ३९१-४१३ म्हणजे प्लास्टिकच्या ट्यूबमधून नाहीतर सॉल्व्हंटमधून आलेलं थॅलेट (प्लास्टिक मऊ करायला घालतात ते रसायन), एकदा प्रोटॉनसोबत, एकदा सोडियमसोबत, म्हणून मधे २२ चा फरक.

मग ईआय (इलेक्ट्रॉन आयनायझेशन) केलं. त्यात ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन रेणूवर आदळून त्याचाच एक इलेक्ट्रॉन उडवतात. नाजूक रेणू यात पार फुटतात, पण बेंझीनच्या कड्या टिकून राहतात. ३३० सगळ्यात उंच, शेजारी ३३१ त्याच्या साधारण २८ टक्के, रेणूतल्या २६ कार्बनांपैकी एखादा जड कार्बन-१३ असण्याचा हिशोब बरोब्बर बसला! स्क्रीनसमोर डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

हां, ईएसआयला देणार असाल तर फॉस्फेट बफर किंवा मीठ राहू देऊ नका, सिग्नल दबतो. सॅम्पल काचेच्या व्हायलमध्येच न्या. आणि फॉर्मच्या मागे पेनने स्ट्रक्चर काढा, मी दुसऱ्या वेळी तेच केलं.