पीव्हीआर घेताना आधी केबल किती आहेत ते मोजा

पीव्हीआर म्हणजे सॅटेलाइट चॅनल डिस्कवर साठवणारा रेकॉर्डर बॉक्स. तो घ्यायचा म्हटलं की पहिली चौकशी होते डिस्क किती जीबीची याची. खरं तर रेकॉर्डिंग बुडतं ते जागा संपून कमी आणि डिशपासून बॉक्सपर्यंतच्या केबलमुळे जास्त.

युनिव्हर्सल एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसवलेला सिग्नल पकडणारा भाग, 10.7 ते 12.75 गिगाहर्ट्झचे सिग्नल खाली उतरवून 950 ते 2150 मेगाहर्ट्झमध्ये आणतो. उभं आणि आडवं अशी दोन ध्रुवीकरणं, त्यात प्रत्येकी लो आणि हाय बँड, असे एकूण चार चतकोर. एवढं सगळं एका केबलमध्ये एकदम मावत नाही, म्हणून बॉक्स हवा तो चतकोर मागून घेतो. 13 व्होल्ट दिले की उभं, 18 दिले की आडवं, आणि त्यावर 22 किलोहर्ट्झचा टोन सोडला की हाय बँड. एका केबलमधून एका वेळी एकच चतकोर उतरतो.

बॉक्सवर 'ट्विन ट्यूनर' (चॅनल पकडणारे दोन भाग) लिहिलेलं असलं तरी मागे एकच केबल जोडून दुसरा ट्यूनर लूपवर, म्हणजे पहिल्यातून पुढे आलेल्या सिग्नलवर, चालवला, तर तो पहिल्याच्या चतकोरातच अडकतो. ओळखायची खूण सोपी आहे: एरवी स्वच्छ दिसणारे काही चॅनल रेकॉर्डिंग चालू असतानाच 'नो सिग्नल' दाखवतात. लोक मग डिश हलवत बसतात. डिशला हात लावू नका. दोन आउटपुटचा ट्विन एलएनबी बसवा आणि दुसरी केबल ओढा. साधा स्प्लिटर लावून भागत नाही, कारण एक ट्यूनर 13 आणि दुसरा 18 व्होल्ट मागत असेल तर एलएनबी दोघांचं ऐकू शकत नाही. दुसरी केबल ओढायला वाटच नसेल तर युनिकेबल, म्हणजे एकाच केबलवर अनेक ट्यूनर चालवायची पद्धत, हा मार्ग आहे. त्यात प्रत्येक ट्यूनरला स्वतःची ठरावीक फ्रिक्वेन्सी मिळते. फक्त एलएनबी आणि बॉक्स दोन्ही त्या पद्धतीचे हवेत. आणि दोन ट्यूनरना चुकून त्या फ्रिक्वेन्सीचा एकच क्रमांक दिला, तर दोन्हींचं चित्र जातं.

याच्या उलट एक फायदा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ट्यूनर एक चॅनल उचलत नाही, पूर्ण ट्रान्सपॉन्डर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवरून येणारा चॅनलांचा गठ्ठा, उचलतो. एकाच ट्रान्सपॉन्डरवरचे दोन-तीन चॅनल एकाच ट्यूनरवर एकदम रेकॉर्ड करता येतात, बॉक्सच्या सॉफ्टवेअरने परवानगी दिली तर. चॅनलच्या माहितीत फ्रिक्वेन्सी दिसते. टायमर लावताना ती ताडून पाहिली की बरेच 'कॉन्फ्लिक्ट' (टायमरची टक्कर) तिथेच मिटतात.

टायमरला आधी 3 मिनिटं आणि नंतर 10 मिनिटं जादा ठेवा. थेट सामना असेल तर नंतरची मिनिटं 60 करा. मात्र हीच जादा मिनिटं पुढच्या कार्यक्रमाच्या टायमरवर चढतात आणि त्या काळात दोन ट्यूनर अडकतात. लागोपाठचे कार्यक्रम एकाच चॅनलवर असतील तर सलग एकच रेकॉर्डिंग लावलेलं बरं.

आता डिस्क. बहुतेक पीव्हीआर आलेला प्रवाह पुन्हा एन्कोड न करता जसाच्या तसा लिहितात, त्यामुळे हिशेब सरळ आहे: मेगाबिट प्रति सेकंदाला 0.45 ने गुणा, ताशी जीबी मिळतात. 8 मेगाबिटचा एचडी चॅनल तासाला 3.6 जीबी खातो, म्हणजे 1 टीबीत सुमारे 275 तास. डिस्क फॅट32 या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर 4 जीबीला फाइल तुटते. काही बॉक्स पुढचा तुकडा आपोआप सुरू करतात, काही तिथेच थांबतात. बॉक्सला चालत असेल तर एक्स्ट4 किंवा एनटीएफएस फॉरमॅट ठेवा. स्वस्त पेनड्राइव्हचा वेग मध्येच पडतो आणि चित्र उड्या मारतं. टाइमशिफ्ट (चालू कार्यक्रम थांबवून मागे नेण्याची सोय) कायम चालू ठेवलं तर तो पेनड्राइव्ह लवकर झिजतोही, कारण तुम्ही नुसतं पाहत असलात तरी लिहिणं चालूच असतं.

यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून नियमाने 500 मिलिअँपिअर मिळतात, आणि अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त लागू शकतात. टायमर वाजतो, बॉक्स जागा होतो, डिस्क कुरकुरते, आणि सकाळी शून्य बाइटची फाइल मिळते. अशा वेळी स्वतंत्र वीजपुरवठा असलेला हब लावा.

रेकॉर्डिंगमध्ये चौकोन दिसत असतील तर 'स्ट्रेंग्थ' (सिग्नलचा जोर) नव्हे, 'क्वालिटी'चा (सिग्नलच्या शुद्धतेचा) आकडा पाहा. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी डळमळीत असेल तर डिशचा रोख किंवा एलएनबीचा कोन जरासा चुकलेला असतो, नाहीतर केबलच्या टोकाच्या एफ-कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं. बाहेरच्या कनेक्टरवर रबरी बूट चढवा आणि भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. पावसात तुटलेले पॅकेट (सिग्नलमधले माहितीचे तुकडे) फाइलमध्ये कायमचे तुटलेले राहतात. नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने ते परत येत नाहीत.

पे-चॅनलचं रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सला बांधलेलं असतं. डिस्क संगणकाला लावली की फाइल दिसते, पण चालत नाही. बॉक्स बदलायचा असेल तर साठवलेलं आधी बघून घ्या.