सस्तन प्राण्यांच्या गाइडला घरची सूची : अपडेट ३

रविवारी सूचीतलं ‘प’ अक्षर संपवलं. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो, माझ्या फील्ड गाइडच्या, म्हणजे प्राणी ओळखायच्या पुस्तकाच्या, मागे सूची आहे पण ती इंग्रजी आणि शास्त्रीय नावांची, आणि मी फिरतो सिंधुदुर्गात, तिथे कोणी सिव्हेट (उदमांजराच्या जातीचा प्राणी) बघितलं असं सांगत नाही, कांडेचोर बघितला म्हणतात. म्हणून मराठी नावावरून थेट पान सापडावं यासाठी हा खटाटोप. आत्तापर्यंत १४० चिठ्ठ्या झाल्यात, सगळ्या पेन्सिलने.

सगळ्यात जास्त वेळ ‘मांजर’ने खाल्ला. खवले मांजर, उदमांजर, पाणमांजर, रानमांजर, यातलं खरं मांजर एकच, शेवटचं. पुस्तक कुळांप्रमाणे लावलेलं त्यामुळे चौघांची पानं चार टोकांना. आणि त्यात हिंदीतला ऊदबिलाव म्हणजे पाणमांजर, आपलं उदमांजर नाही! मध्य प्रदेशातल्या एका मित्राशी मी अर्धा तास बोलत होतो, तो नदीतल्या प्राण्याबद्दल सांगतोय आणि मी माडावर चढणाऱ्या, तेव्हा कळलं. आता ‘ऊदबिलाव’ची वेगळी चिठ्ठी आहे, पुढे लाल पेनाने ‘हिंदी’.

‘वाघ’चं पण तसंच. मागच्या महिन्यात एक काका म्हणाले, “वाघान कुत्रो खाल्लो.” ठसे बघितले तर बिबट्याचे. कोकणात बिबट्यालाही वाघच म्हणतात, तो पट्टेवाला असेल तर पट्टेरी वाघ. त्यामुळे ‘वाघ’खाली मी दोन्ही पानं दिलीत, आधी बिबट्याचं. लोक जसं बोलतात तशी सूची हवी, चुकीचं नाव म्हणून गाळलं तर ती माझ्या काय कामाची?

एक नियम पक्का केला, ‘पहा’ लिहून दुसऱ्या नावाकडे पाठवायचं नाही. साळिंदर आणि सायाळ ही एकाच प्राण्याची नावं, दोन्हीपुढे पान नंबर. जंगलात एका हातात टॉर्च असताना दोनदा पानं कोण उलटणार.

जुनी शास्त्रीय नावंही घेतोय कारण जुने लेख वाचताना अडतं. सांबर आधी सर्वस होतं आता रुसा, वानर प्रेसबायटिस होतं आता सेम्नोपिथेकस, आणि २००५ मध्ये पिसोरीच्या (हरणासारखा छोटा प्राणी) वेगळ्या जाती केल्या, भारतातली मॉस्किओला इंडिका झाली, मेमिना नाव श्रीलंकेकडे राहिलं.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दुसरी छोटी सूची, खुणांवरून. विष्ठेत बिया, दगडावर किंवा गडग्यावर (दगडी कुंपणावर) : उदमांजर. नदीकाठच्या खडकावर, माशांचे खवले, उग्र वास : पाणमांजर. वाळल्यावर पांढरी फटक : तरस, हाडं खातो म्हणून. वारूळ उकरलेलं : अस्वल, नाहीतर खवले मांजर, उकरण्याच्या आकारावरून बघायचं. फांद्यांच्या टोकाला काटक्यापानांचा मोठा गोळा : शेकरू. ही दोन पानं कार्डशीटवर लिहून मागच्या कव्हरला आतून चिकटवलीत, शनिवारी ओढ्यावर पहिल्यांदा वापरली, विष्ठा दिसल्यापासून पाणमांजराच्या पानावर पोचायला मिनिटभरही लागलं नाही.

आता ‘ब’, म्हणजे बिबट्या, बाऊल (रानमांजराचंच नाव), आणि पुढे ‘भ’मध्ये भेकर आलं की चौशिंग्याचा घोळ. काही गावांत त्यालाही भेकरच म्हणतात, तिथे परत दोन पानं द्यावी लागणार.