मृग बहाराचा झाला 'मग बहार'

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका अडत्या काकांसाठी संत्र्याच्या बोलीचं छोटं अ‍ॅप डिझाइन करायचं काम दिवाळीनंतर हाती आलं. आंबिया बहाराचा माल (संत्र्याचा एक हंगाम, दुसरा मृग बहार) यायला लागला होता आणि काकांना सगळं कालच पाहिजे होतं. मी म्हटलं टेन्शन काय, तयार यूआय किट (बटनं, कार्ड वगैरे आयतं डिझाइन) घ्यायचं, रंग बदलायचे, मराठी मजकूर टाकायचा, आठ दिवसांत मोकळं. पैसे भरून किट घेतलं, बटनांचेच साठ प्रकार होते त्यात, बघूनच जीव सुखावला.

मग मजकूर आला. काकांनी इतवारीतल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून पाठवलेला, कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. फिग्मात (स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) पेस्ट केला तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी, स च्या जागी एल, अनुस्वाराच्या जागी ए. कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घेतलं तर 'व्यापाऱ्याचे नाव'चं 'व्यापार्याचे नाव' झालं, ते सगळे र मी हाताने दुरुस्त केले, दुसरा इलाज नव्हता.

किटचा फॉन्ट इंटर, त्यात देवनागरी नाहीच. फिग्मा मग आपल्या मनाने दुसरा फॉन्ट लावून घेतं, आणि लेबलची लाइन हाइट (ओळीची उंची) इंग्रजीच्या मापाची, वरून फ्रेमला क्लिप कंटेंट चालू, म्हणजे चौकटीबाहेरचं कापलं जाणार. स्क्रीन काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर लगेच फोन, "ताई, हे मग बहार काय होय?" बघते तर 'मृग बहार'मधल्या मृ चा खालचा ऋकार कापला गेलेला. विक्रीची वेलांटीसुद्धा वरून अर्धीच.

इथे मी शहाणपणा केला. फॉन्ट बदलणारं एक प्लगइन (फिग्मात जोडायचं छोटं टूल) सापडलं, पूर्ण पेजवर चालवलं, दोन मिनिटांत सगळीकडे नोटो हा देवनागरी फॉन्ट. खूश! पण त्याने मेन कंपोनंट (मूळ नमुना) सोडून प्रत्येक इन्स्टन्सवर (त्याच्या प्रतीवर) फॉन्ट बदलला होता, म्हणजे सगळे ओव्हरराइड, मूळ बदललं तरी प्रत बदलत नाही. दोन दिवसांनी वाटलं 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता फॉन्ट जास्त बरा दिसतो, म्हणून मेनमध्ये बदलला तर एकही बटन हलायला तयार नाही. रीसेट ऑल मारलं तर मराठी मजकूरही उडाला आणि परत किटचं इंग्रजी लेबल! तेव्हा लाइट पण गेली होती, लॅपटॉप १२ टक्क्यांवर, मी डोक्याला हात लावून बसून राहिली.

शेवटी बटनं, इनपुट, कार्ड एवढेच कंपोनंट मी पुन्हा बनवले, मुक्तात, १६ च्या अक्षराला २४ लाइन हाइट, उंची फिक्स न ठेवता ऑटो लेआउटवर, म्हणजे मजकुराप्रमाणे चौकट वाढते. फिग्माने २०१९ मध्ये प्लगइन उघडली तेव्हापासून मी जे दिसेल ते ट्राय करते (त्याआधी सगळे स्केच या डिझाइन सॉफ्टवेअरचं कौतुक करायचे, ते फक्त मॅकवर आणि माझ्याकडे मॅक कधी नव्हता), पण या कामात खरी उपयोगी पडली दोनच. एक गूगल शीट्स सिंक. लेयरच्या नावाआधी हॅश लावून कॉलमचं नाव दिलं की शीटमधला खरा भाव, खरी गावं, नरखेड, काटोल, वरूड, थेट कार्डात. खोटा डमी मजकूर टाकून डिझाइन केलं असतं तर लांब नावं कुठे तुटतात ते कळलंच नसतं.

दुसरं स्टार्क, रंग आणि अक्षरं यांतला फरक म्हणजे कॉन्ट्रास्ट मोजणारं. काकांना बटन संत्र्याच्याच रंगाचं पाहिजे होतं, वर पांढरी अक्षरं. त्या नारिंगीवर (रंगाचा कोड एफ५७सी००) पांढरं तपासलं तर कॉन्ट्रास्ट २.७, आणि साध्या अक्षरांना लागतो किमान ४.५. अक्षर काळं केलं तर सरळ ७.८. काका म्हणाले काळं अशुभ दिसते. मी त्यांना दोन्ही स्क्रीन घेऊन भर दुपारच्या उन्हात शेडबाहेर उभं केलं. चष्मा काढून बघितलं आणि म्हणाले, "राहू द्या काळंच."

परवा मेल आला, किटचं नवीन व्हर्जन आलंय म्हणे, आता बटनांचे ऐंशी प्रकार. अजून उघडलं नाही.