शिट्टीखालचं माप

आत्याला लोणच्याची कृती लिहून देता येत नाही, सांगता येते. म्हणून गेल्या मे महिन्यात ती सांगत असताना मी फोनवर रेकॉर्ड केली आणि फाफटपसारा छाटून बहिणीला पाठवावी म्हणून कॉम्प्युटरवर उघडली. पडद्यावर आत्याचा आवाज पसरला, कुठे फुगलेला, कुठे बारीक. म्हटलं, सोपं आहे. रेघ सपाट झाली की शब्द संपला, तिथे कातर लावायची.

‘बरणीला दादरा घट्ट बांधायचा.’ या वाक्यात मोठी सपाट जागा एकच दिसली. कापली. एका तुकड्यात ‘बरणीलादादराघ’, दुसऱ्यात ‘टबांधायचा’! शांतता शब्दांच्या मध्ये नव्हतीच, ‘घट्ट’च्या पोटात होती. ‘ट्ट’ म्हणताना जीभ टाळूला चिकटून क्षणभर हवा कोंडते, तेवढीच. बाकी सगळं एका दमात, मोडी कागदासारखं. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची नि तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्यानं बघावं. मोडी वाचणाऱ्याला आपण जाणकार म्हणतो. कानानं तर आपण सगळेच दिवसभर मोडी वाचतो, पण शाल-नारळ कुणी देत नाही.

शेजारी तमिळ बोलणं चाललं की वाटतं, किती भरभर बोलतात ही माणसं! त्यात वेगाचा दोष कमी, आपल्याला तोडता येत नाही हाच जास्त. तोडायला शिकतो मात्र फार लवकर. 1996 साली जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना बनावट शब्दांची सलग माळ ऐकवली, मध्ये कुठेही न थांबता, फक्त दोन मिनिटं. कुठल्या अक्षरामागून कुठलं येतं एवढ्यावरून बाळांनी शब्द वेगळे काढले. दात यायच्या वयात!

बहिणीशी माझं वाजलं ते वेगळ्याच जागी. ‘मोहरीची डाळ पा’ इथपर्यंत आत्या येते आणि कुकरची शिट्टी होते. मग ‘किलो’. मला स्वच्छ ‘पाव’ ऐकू येतं. बहीण शपथेवर सांगते, ‘पाऊण’. तिच्या सासरी तिखट खातात.

रिचर्ड वॉरन यांनी 1970 मध्ये हाच खेळ केला होता. वाक्यातला एक ‘स’ कापून त्या जागी खोकला घातला. वीसपैकी एकोणीस जणांना काही गहाळ झाल्याचं कळलंच नाही. पुढे 2016 मध्ये अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूवर इलेक्ट्रोड ठेवलेल्या रुग्णांना असाच आवाजानं झाकलेला इंग्रजी शब्द ऐकवला. तो ‘फास्टर’ही असू शकत होता, ‘फॅक्टर’ही. ज्याला जो ऐकू आला, त्याच्या मेंदूतला कानालगतचा श्रवणाचा भाग तो शब्द खरोखर ऐकल्यासारखाच वागत होता. आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या हालचालीवरून कौल कुठे जाणार ते आधीच ओळखता येत होतं. म्हणजे बहीण खोटं बोलत नाही, हे मला मान्य करावं लागलं.

शेवटी आत्यालाच फोन लावला. “पाव की पाऊण?”

“काय पाव नि पाऊण? ‘पाच किलो’ म्हटलं असेन, कैऱ्यांचं. डाळ काय मोजून घालतात होय रे?”